मुलांच्या खोलीतला पलंग

जाहिरातीत ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह, महिलांना प्राधान्य’ एवढंच होतं. फोनवर म्हणाले, मुलाखतीच्या तीन फेऱ्या होतील. बी.कॉम.चं सर्टिफिकेट, त्याच्या दोन झेरॉक्स आणि इस्त्रीचा निळा पंजाबी ड्रेस अशी तयारी करून मी २०११च्या सप्टेंबरात पनवेल एसटी स्टँडसमोरून सहा आसनी रिक्षात बसले. साइट उलव्याच्या रस्त्यावर होती.

नोकरी मला समूसाठी हवी होती. समृद्धी, माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. तळोज्याची कंपनी बंद पडल्यावर माझा नवरा प्रितम गुजरातेत दहेजला कामाला गेला. मी पनवेलला भाड्याच्या खोलीत राहून काम शोधत होते, आणि समू शिरढोणला माझ्या आईकडे होती. शिरढोण काही लांब नाही. पण रविवारी भेटून निघाले की समू उलटी होईपर्यंत रडायची. शेवटी आईच म्हणाली, “नोकरी लागेपर्यंत येऊच नकोस गं. तिला सवय होऊ दे.” पगार सुरू झाला की पाळणाघर, आणि पाळणाघर ठरलं की समू परत. इतकं साधं होतं ते.

इमारत अजून जमिनीच्या वर आली नव्हती. होता तो सॅम्पल फ्लॅट, पत्र्याच्या कुंपणात, भोवती लावलेल्या हिरवळीसकट. पहिल्या फेरीत सेल्स मॅनेजर गुरुदत्त सरांनी तो फिरून दाखवला. आतल्या खोल्यांना दारं नव्हती, कारण दारं जागा खातात. मोठ्या बेडरूममधला पलंग साडेपाच फुटी. कपाटं जेमतेम वीतभर खोल. खिडक्यांच्या काचेमागे कर्नाळ्याच्या सुळक्याचा मोठा फोटो आणि फोटोमागे ट्यूबलाइट. बाराव्या मजल्यावरून असं दिसेल म्हणून.

“खोटं बोलायचं नाही, मॅडम,” सर म्हणाले. “फक्त मोजायची टेप काढायची नाही.”

मुलांच्या खोलीतला पलंग चार फुटांचा होता. त्यावरची पिवळी चादर मधोमध चुरगळली होती. मी सवयीनं ती सारखी केली. हाताला ऊब लागली. ट्यूबलाइटची असेल, मी मनाशी म्हटलं. ट्यूबलाइट समोरच्या भिंतीत होती.

आठवड्यानं दुसऱ्या फेरीला बोलावलं. मी लवकर पोचले. मैना नावाची गावातलीच बाई फ्लॅट झाडत होती.

“तुमी बी घरं विकाया आल्या?”

“घेतलं तर.”

“त्या मोठ्या पलंगाव एकदा आडवी झाले मी. पाय भायेर!” ती खळखळून हसली. “आन् दारं नाय. नवराबायकोनं भांडायचं कुठं?” मग मुलांच्या खोलीकडे हनुवटी करून तिनं आवाज उतरवला. “हितली चादर सकाळी ताठ करून जाते मी. दुपारी परत तशीच. सर बोलतात मांजर हाय. मांजराचा येक केस तरी गावंल का नाय?”

सरांना गिऱ्हाईक समजून फ्लॅट दाखवायचा होता. हॉल, स्वयंपाकघर, सगळं मला छान जमलं. मुलांच्या खोलीत सर मधेच म्हणाले, “हळू का बोलताय?”

झोपलेल्या मुलाजवळ आपण बोलतो तशी मी बोलत होते. मला ते कळलंही नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. “समू आता रडत नाही बरं का,” आई म्हणाली. “दुपारी तीनला झोपते ती पाचपर्यंत. हलवलं तरी हूं नाही की चूं नाही.” मला बरं वाटायला हवं होतं. फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ तिचा धुऊन ठेवलेला फ्रॉक मांडीवर घेऊन बसले होते.

तिसरी फेरी शेवटची. सर म्हणाले, “दहा मिनिटं एकट्या आत फिरा. आपलं घर समजा. मग मला येऊन सांगा, ते का विकत घ्यावं.” तीन वाजून गेले होते. एसीची घरघर सोडली तर आत आवाज नव्हता.

मी सरळ मुलांच्या खोलीत गेले. पलंगाच्या कडेला, फोटोतल्या डोंगराकडे तोंड करून बसले.

आधी वास आला. पावडरचा, खोबरेल तेलाचा, आणि झोपेत घामेजलेल्या मानेचा.

मग पाठीमागची गादी दबली. अगदी थोडी. चौदा किलोनं दबेल इतकी.

मग माझ्या ओढणीचं टोक हळूच ओढलं गेलं. झोपताना समू ते बोटाला गुंडाळते. एक वेढा, दोन वेढे.

मी वळले नाही. वळले तर तिथे कुणी नसणार, हे मला माहीत होतं. मी डोंगराकडे बघत बसले आणि तिचं अंगाईसारखं गाणं हळूहळू म्हणत राहिले. मागचा श्वास लांब होत गेला.

बाहेर गिऱ्हाइकांत अडकलेले सर चौकटीत येऊन उभे राहिले तेव्हा पाच वाजत आले होते.

“मॅडम, गिऱ्हाइकाला बसवायचं असतं,” ते जरा कीव आल्यासारखे म्हणाले. “तुम्हीच बसलात. नाही जमायचं तुम्हाला.”

मी विचारलं, पुन्हा येऊन प्रयत्न केला तर?

“येऊन काय करणार? सोमवारी हा फ्लॅट पाडून गेटजवळ नवा बांधतोय.”

सोमवारी मी शिरढोणला गेले. नोकरी नाही तर नाही, पण समूला आणायचंच म्हणून. ती अंगणात एकटीच खेळत होती. रिक्षातून उतरणाऱ्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मी जवळ गेले तशी धावत आजीमागे लपली.

“अगं, आई आली ना तुझी!”

“ही नाही,” समू म्हणाली.

मला रडू आवरेना. तिला दिसू नये म्हणून ओट्यावर पाठ करून बसले.

थोड्या वेळानं ओढणी ताणली गेली. पाठीला गाल टेकला.

“आई,” ती म्हणाली. “आज डोंगर नाही?”

मी वळले.

ती किंचाळली.

आता ती पनवेलला माझ्यापाशीच असते. मी घरीच शिकवण्या घेते. ती जेवते, बोलते, नव्या कविता म्हणून दाखवते, सगळं माझ्या पाठीमागून. घास खांद्यावरून मागे द्यायचा. वेणी हात मागे करून चाचपडत घालायची. एकदा मी न राहवून वळले, तर दोन दिवस ती जेवली नाही. आता वळत नाही.

काल आईचा फोन होता. “काय गं, समू कुणावर चाललीय आता? तुझ्यावर की प्रितमवर?”

पाठीमागून ओढणी ताणली गेली.

“बघून सांगते,” म्हटलं.