डबड्याचं सुतक

कोथिंबिरीच्या जुड्या नाशिकच्या मार्केटात उतरल्या, टेम्पो रिकामा झाला आणि यादवराव म्हणाले, "झुंबर, आता इथंच द्वारका चौकात जाऊ. तुला जोडीदार आणायचाय."

झुंबर गुरवाला वाटलं, टाळ घ्यायचे असतील. गावच्या महादेवापुढं दिवेलागणीला नगारा वाजवायचं काम पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडं होतं. पण आरतीला टाळ धरायला हल्ली चिटपाखरू फिरकत नव्हतं. देवस्थानाचे अध्यक्ष असलेले यादवराव स्वतःसुद्धा त्या वेळेला टीव्हीवरच्या बातम्यांत असायचे. निदान टाळ नवे आले तर चार पोरं येतील, असं झुंबरला वाटलं. भोळा माणूस.

दुकानात लोखंडी चौकटीवर एक नगारा, दोन घंटा आणि एक झांज बसवलेली होती. खाली मोटर, मोटरला पट्टा, आणि वर लोखंडी हात. दुकानदारानं बटण दाबलं तसे ते हात धाडधाड आपटायला लागले.

"हिचा टायमर साधा नाही, काका," दुकानदार ओरडून सांगत होता. "कॉम्प्युटरवाला आहे. दिवस मावळायची वेळ रोज बदलते ना, तशी ही स्वतःच बदलून घेते. डोकं आहे हिला!"

"खाती काय?" झुंबरनं विचारलं.

"फक्त लाइट. आणि लाइट गेली तर बॅटरी."

"म्हंजे सकाळचं तांब्या घेऊन जायचं बी काम नाय," झुंबर म्हणाला. "बरंय."

यादवराव पोट धरून हसले. पण यंत्र घेतलंच.

परतताना झुंबर टेम्पोत मागं त्याच्याजवळ बसला. खड्डा आला की लोखंडी हात आपोआप उचलले जायचे आणि पडायचे, झोपेत माणूस दचकावा तसे. नगाऱ्याचं नवं कातडं खरचटू नये म्हणून झुंबरनं आपलं उपरणं मधे घातलं. काही झालं तरी देवाची वस्तू.

दोन हजार चार-पाचचा तो सुमार. भारनियमनानं गावं रोज काळीठिक्कर व्हायची. त्या अंधारात सगळं गाव मुकाट बसलेलं असे. देवळात माणूस नाही, काणूस नाही, आणि ते यंत्र एकटंच घणघण घणघण वाजत असे. ऐकणाऱ्याच्या पाठीवरून काहीतरी सरकत जाई. पण लोकांना त्याचंही कौतुक.

सगळ्यांत जास्त कौतुक राकेशला. गावातलाच हा पोरगा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचा. तिथं रोबोट आला आणि राकेश घरी आला. आता विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, या यंत्राचं तेलपाणी बघायचा, आणि गुण गायचा ते रोबोटचेच.

"बाबा, नुसता एक हात! पण काय सफाई! ना बिडी, ना चहा, ना सुट्टी. पुढं सगळीकडं हेच येणार बघा. शेतात, हापिसात, दवाखान्यात."

"आन तू काय करणार?"

"मी...?" राकेश डोकं खाजवायचा. "मी बघणार की."

"ज्यानं हातातली भाकर नेली त्याचीच आरती करतंय येडं," झुंबर घरी येऊन बायकोला सांगायचा. चांगुणा हसायची. तिचं हसू म्हणजे नुसता आवाज, तोंडावर पदर.

झुंबरला काढलं नव्हतं कोणी. देऊळ झाडायचं, वात लावायची, एवढं त्याच्याकडं राहिलं. नगारा तेवढा गेला. जुना नगारा कोपऱ्यात पडला आणि त्याचं कातडं ढिलं होत चाललं. झुंबर यंत्राकडं पाठ करून वात लावायचा. त्याला तो नावानंही बोलवायचा नाही. म्हणायचा, डबडं.

मग म्हातारा सहादू गेला.

दुपारी गेला. पोरगा सुरतेहून यायचा होता, म्हणून मयत अंगणातच ठेवली होती. आता त्या गावची रीत अशी, की गावात मढं असलं तर महादेवाचा नगारा वाजत नाही. मढं उचललं, की मगच. हे कोणी कोणाला सांगावं लागत नव्हतं, आईच्या दुधाबरोबरच पोटात जायचं. पण यंत्राला कुठली आई?

दिवस मावळला आणि देवळात घणघण सुरू झालं.

अंगणातलं रडणं एकदम थांबलं. सहादूची बायको गोजराबाई मान वर करून देवळाकडं बघत राहिली, कोणी थोबाडीत मारावी तशी. यादवराव पिंपळगावला गेले होते आणि यंत्राच्या बटणाच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात. झुंबर धावत देवळात गेला. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि नगाऱ्यावर कोंबलं. घंटा हातांनी आवळून धरल्या. लोखंडी हात कापडावर आपटतच राहिले. धप्... धप्... धप्... छाती बडवल्यासारखे.

"मुडद्या!" झुंबर त्याच्याशी बोलायला लागला. "मढं हाय गावात! मढं असलं की गप बसायचं असतंय! कळतंय का? गप... गप बस!"

एक हात वर उचललेला होता. तो तसाच राहिला.

झुंबरला वाटलं, वेळ संपली असेल. मुंडासं काढून तो घरी आला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी यंत्र वाजलंच नाही. देवळातला बल्ब लख्ख पेटलेला, बॅटरी भरलेली. राकेशनं पेटी उघडली, तारा हलवल्या, सगळं ठीक. पण हात हलेनात. तासाभरानं मळ्याकडून बातमी आली. एकटी राहणारी भागीबाई टोमॅटोच्या वाफ्यात दुपारपासून मरून पडली होती. सकाळी तिला उचललं. संध्याकाळी यंत्र वेळेवर वाजलं.

योगायोग, असं यादवराव म्हणाले. पण पुढं पुन्हा ते गप झालं तेव्हा गावात सगळे धडधाकट होते. दुसऱ्या दिवशीही गप. तेव्हा लोकांनी बॅटऱ्या घेऊन शिवार पालथं घातलं, आणि हायवेजवळच्या पडक्या विहिरीत कोणा परक्या माणसाचं प्रेत सापडलं. पोलीस आले, प्रेत गेलं. गाडी वेशीबाहेर पडली तसं देवळात घणघण सुरू झालं. तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

मग काय विचारता! माणसांना टाळ धरायला सवड नव्हती, आता यंत्राला हळदकुंकू वाहायला रांग लागली. मोटरवर हार. पट्ट्याला नारळ.

"ज्या डबड्याला गप बसायला म्या शिकीवलं, त्याच्या पाया पडता?" झुंबर देवळाच्या पायरीवर थुंकायचा तेवढा राहायचा. "उद्या पंपालाबी साडीचोळी करा. पाणी देतोय बिचारा."

"तोंड आवरा, बाबा," राकेश दबक्या आवाजात म्हणायचा. त्याचाही रंग उतरला होता. "ते... ते ऐकतं."

"ऐकू दे."

आणि मग थंडीत चांगुणा आजारी पडली.

छाती भरली. पिंपळगावच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, मग म्हणाले, घरीच न्या आता, सेवा करा. झुंबरनं तिला ओसरीवर अंथरूण घातलं. ती डोळे मिटून पडून राहायची. श्वास घेताना मडक्यात पाणी हलावं तसा आवाज यायचा.

एका संध्याकाळी मात्र झुंबर दारात बसला होता, देवळाकडं तोंड करून. ज्याच्याकडं इतके दिवस पाठ केली त्याचीच वाट बघत होता, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटत होती. वाज रे, तो मनात म्हणत होता. मुडद्या, एवढ्या डाव वाज. उन्हं गेली. गोठ्यांतून धुराचा वास आला. समोरच्या भिंती पुसट झाल्या. देवळातला बल्ब पेटला.

काही वाजलं नाही.

मागचा मडक्यातला आवाजही येत नव्हता... केव्हापासून येत नव्हता, ते त्याला सांगता आलं नसतं.

गल्लीतली दारं एकेक करून उघडली. माणसं उंबऱ्यावर आली. सगळ्यांनी आधी देवळाकडं पाहिलं आणि मग त्याच्या घराकडं.

झुंबरनं मागं वळून बघितलं नाही. उठला आणि तडक देवळात गेला. यादवराव वाटेत आडवे आले. "झुंबर... घरी जा बाबा. तिच्याजवळ बस."

"सरका."

त्यानं कोपऱ्यातला जुना नगारा ओढला. कातडं पार लोंबत होतं. ते दिव्यावर धरलं, शेकलं, टिपऱ्या घेतल्या आणि वाजवायला लागला. आधी नुसता भद भद आवाज. मग कातडं तापलं, आणि गावानं कित्येक दिवसांत न ऐकलेला तो घुमारा शिवारभर गेला.

"बाबा, नका वाजवू!" राकेश रडकुंडीला आला. "गावात..."

"गावात काय? बोल. कोण मेलंय गावात? नाव घे!"

नाव कोणी घेतलं नाही.

"मग आरती हाय आज," झुंबर म्हणाला.

तो वाजवत राहिला. शेजारी यंत्र उभं होतं. त्याचे हात उचललेले आणि झांज दिव्यात चमकत. झुंबरचे खांदे भरून आले, बोटं सोलली, पण तो थांबेना. थांबलं की घरी जावं लागणार होतं. शेवटी गोजराबाई पळत आली. धाप लागलेली, चेहरा पांढराफटक.

"झुंबरभावजी... चांगुणा उठून बसलीय. पाणी मागती."

चांगुणा बरी झाली. भाकरी थापायला लागली, झाडलोट करायला लागली. तेच बोलणं, तेच पदराआडचं हसू. छातीतला आवाजही गेला.

यंत्र मात्र त्या दिवसापासून वाजलं नाही.

राकेशनं ते सोडवून द्वारकेला नेलं. दुकानात ते असं वाजलं म्हणे, की रस्त्यावरची माणसं थांबली. परत आणून देवळात बसवलं, की मुकं. नवा टायमर घातला, मोटर बदलली, तरी तेच. सगळं शिवार पुन्हा पालथं घातलं गेलं. कुठंच काही सापडलं नाही. हळूहळू लोकांनी शोधायचं सोडून दिलं. हापशावर चांगुणा गेली की बाया आपले हंडे अर्धे भरलेले तसेच उचलू लागल्या. झुंबरच्या ओसरीवर कोणी बसेना.

"मला बघून का जातात हो समदी?" तिनं एकदा विचारलं.

"येडी झालीत. त्या डबड्याच्या नादानं."

संक्रांतीनंतर कळवणहून लेक आली, सुवर्णा. आईला चार दिवस घेऊन जाते म्हणाली. झुंबरनं फाट्यावर दोघींना एसटीत बसवलं. तो घरी पोचायच्या आत देवळात घणघण सुरू झालं, आणि गल्लीगल्लीतून माणसं हात जोडत बाहेर आली. गोजराबाईनं तर साखर वाटली. झुंबर दार लावून आत बसला.

रोज वाजू लागलं. लोकांच्या चेहऱ्यावर रया आली. मग एके सकाळी यादवराव आले. ओसरीवर चढले नाहीत, खाली अंगणातच उभे राहिले.

"झुंबर... लेकीकडं राहू दे तिला. हवापाणी चांगलंय तिकडचं."

"का?"

यादवराव चपलेनं माती उकरत राहिले. "तुला म्हायती हाय."

"एक डबडं सांगतंय आन तुम्ही माझी बायको गावाबाहेर टाकता? टाकलीच तर पुढं ते तुमचंबी सांगंल, यादवराव. तवा तुमची पोरं कोणाचं ऐकतील?"

झुंबरनं पिशवी घेतली आणि कळवणची गाडी धरली.

सुवर्णा आईला सोडायला दारापर्यंत आली, पण गळ्यात पडली नाही. "ने, दादा," एवढंच म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. काय झालं, ते झुंबरनं विचारलं नाही. विचारायचं नाही, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं.

एसटी फाट्यावर थांबली तेव्हा दिवस मावळत होता. देवळातून आवाज येत होता, नगारा, घंटा, झांज, सगळं भरात. झुंबर आधी उतरला. मग त्यानं पिशवी खाली ठेवून हात पुढं केला, आणि चांगुणानं पहिलं पाऊल गावच्या मातीवर ठेवलं.

आवाज मधेच तुटला. घंटेचा घुमारा तेवढा थोडा वेळ हवेत राहिला.

दोघं चालत घरी आली. गल्लीत एक दार उघडं नव्हतं. झुंबरनं दिवा लावला, कालची भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढं ठेवली. ती हळूहळू खात होती. मधेच थांबली, देवळाच्या दिशेनं कान दिला. तिच्या तोंडावर कळवळा आला.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "कोण गेलं हो आज? बिचाऱ्याला अजून उचललं नाय वाटतं..."

"कोणी नाय," झुंबर म्हणाला. "जेव तू."

ती जेवली. मग भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. झुंबरनं गोधडी उलगडली आणि तिच्या पायांवर ओढली. फार सांभाळून ओढली, आपला हात तिच्या पावलांना लागू न देता.