तिसऱ्या पहाटेचं पाणी

"दोन रात्री आडाला हात लावू नका, दादा. तिसऱ्या पहाटं अर्धी घागर निघती."

साखराबाईचं हे सांगणं मोहनरावांनी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं.

मोहनराव म्हणजे माझे थोरले दीर. मी देवापुढं दिवा लावून लिहायला बसले आहे. त्यांनी सांगितलं त्यात पदरचं एक अक्षर घालणार नाही.

गाव युसूफ वडगाव. साल २०१६, दुष्काळाचं. उसाअभावी सहकारी कारखाना बंद पडलेला. मोहनराव तिथं फिटर होते. हात रिकामे, आणि आभाळ महिनोन्महिने स्वच्छ. लहानपणची हौस उफाळून आली. परसात वेधशाळा बांधायची! पत्र्याचा फिरता घुमट, आणि मधोमध दुर्बिणीसाठी काँक्रीटचा खांब.

वत्सलाबाई, माझ्या जाऊबाई, म्हणाल्या, "लोकं शनीला लांबूनच तेल वाहत्यात. अन् तुमी त्याला घरात बोलावताव!"

खांब असा हवा, की शेजारी माणूस नाचला तरी हलू नये. त्याला खोल पाया हवा. परसात आड होताच. आटलेला.

पुरता आटलेला नव्हता...

धनगराची साखराबाई दर तिसऱ्या पहाटे तिथून अर्धी घागर शेंदून न्यायची. "अर्ध्या घागरीनं काय व्हतंय?" म्हणत मोहनरावांनी दगड-मुरूम टाकून एका दिवसात आड बुजवला. वर खांब ओतला. तिला साधं विचारलंही नाही.

ती मग पहाटे वेशीवरून दोन कोसांवरच्या विहिरीवर जाऊ लागली. आठव्या दिवशी काठावरून तिचा पाय घसरला...

गावात कुणी मोहनरावांना बोल लावला नाही. तेच त्यांना जास्त सलत राहिलं.

तिचं तेरावं झालं. दुसऱ्या पहाटे मोहनरावांनी घुमट फिरवला. दुर्बिणीत शनी आला. कडं अगदी रेखीव.

आणि तो थरथरला...

रस्त्यावर ट्रक नव्हता. वारा नव्हता.

शनी थरथरायचा. थांबायचा. पुन्हा थरथरायचा. कुणी हात-हातभर दोर ओढावा, त्या ठेक्यात.

त्यांनी खांबाला कान लावला.

आत, खोल कुठंतरी... बादली दगडाला घासली.

पुढच्या दोन रात्री काही नाही. तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच. आणि खांबाच्या वरच्या कडेला बोटभर खाच. आडाच्या काठाला दोर घासून वर्षानुवर्षांनी पडते, तशी गुळगुळीत.

खांब ओतून महिनाही झाला नव्हता.

"एवढा घाम कावून फुटलाय?" वत्सलाबाईंनी विचारलं. मोहनरावांनी सगळं सांगून टाकलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ज्याचं माणूस गेलंय, त्याला सांगा."

सकाळीच ते साखराबाईच्या नवऱ्याकडं, धुळाजीकडं गेले.

"धुळाजी, आडाला पाणी होतं. मला ठाऊक होतं."

धुळाजी कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मला बी ठाव हाय, मालक. ती सांगायची ना. ते पाणी आमाला नव्हतं. बिनआईच्या कोकरांना पाजायची."

"आता?"

"टँकरचं येतंय. माणसांनाच पुरत न्हाई."

"मी आणून देतो. दर तिसऱ्या पहाटे. पाऊस पडंस्तोवर."

धुळाजीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्याच विहिरीवर जावं लागंल. अंधारात."

"जाईन. शब्द हाय माझा."

पुढची तिसरी पहाट आली. घुमट बंद होता, तरी आत दोर करकरत होता... मोहनरावांनी तिकडं पाहिलं नाही. घागर खांद्यावर घेतली.

"मी येऊ का संगं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नको."

वेशीजवळची कुत्री एरवी त्यांच्या अंगावर धावून येत. त्या पहाटे एकही भुंकलं नाही.

सगळी कुत्री मोहनरावांच्या मागं कुणाकडं तरी बघत होती... आणि शेपट्या हलवत होती.

ती कुणाला ओळखत होती, हा विचार आला की आजही माझ्या हातातली जपमाळ थांबते.

मोहनरावांनी वळून पाहिलं नाही. खांद्यावरची घागर सावरली आणि विहिरीच्या वाटेला लागले.