उलटी कांडी

लाईन गेली ना? जाऊ दे, येईल तेव्हा येईल. भूषण, तो मोबाईलचा उजेड बंद कर, डोळ्यांत जातो. रेणू, ते ब्लँकेट पायांवर घे आणि इकडे सरक. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता, तर सांगतो. पण उलट्या पायांची, झाडावर बसून हसणारी भुतं तुमच्या आबाजीकडे नाहीत. ती तुमच्या मोबाईलमध्ये पुष्कळ आहेत, तिथं पाहा. मी सांगतो ती आंधळगावच्या केवळरामची. तोच, बाजाराच्या मागच्या गल्लीतला हातमागवाला. मी जन्मभर त्याच्याकडून कापड घेत आलो आहे, आणि त्याने ही गोष्ट मला माझ्या याच ओसरीवर बसून सांगितली आहे.

दोन हजार बावीसची दिवाळी. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. वार शुक्रवार.

केवळरामला एकच बहीण, चंद्रकला. पाठची. तिला हिवरटोल्यात दिली होती. नाकाडोंगरी ओलांडली, खाणींचा पट्टा मागे टाकला, की जंगल लागतं आणि जंगलातून वर डोंगर. डांबरी रस्ता पायथ्याशी संपतो. तिथून पायवाटेने चढत गेलं की वर एकदम सपाट जागा येते. वीस-पंचवीस घरं, धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे खाचरं, मोहाची झाडं, आणि जिकडे पाहाल तिकडे डोंगरच डोंगर. पाहुण्याला वाटतं, इथंच राहावं. राहणाऱ्याला मात्र मिठापासून तापाच्या गोळीपर्यंत सगळं खालून वाहून न्यावं लागतं. फोन लागतो तो एका खडकावर चढलं तरच. त्या खडकाला तिथले लोक टॉवर म्हणतात.

आता विणकराच्या घरचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागावर बसायचा केवळराम आणि त्याला कांड्या भरून द्यायची चंद्रकला. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी. चरखा फिरवून तिच्यावर सूत गुंडाळायचं, ती धोट्यात घालायची, मग धोटा इकडून तिकडे पळतो आणि कापड होत जातं. चंद्रकला डावरी होती. चरख्याच्या दुसऱ्या अंगाला बसून डाव्या हाताने फिरवायची, त्यामुळे तिच्या कांडीवर सूत उलट्या बाजूने चढायचं. बाप चिडायचा. केवळरामचं त्यामुळे काही अडत नव्हतं, पण चिडवायला बहीण हवीच, म्हणून तो तिला हाकच मारायचा, ‘उलटी कांडी’.

साऱ्या मुलखातल्या बायका यांच्या हातचं नेसतात आणि यांच्या घरच्या बायका नेसतात दुकानातलं मिलचं. चंद्रकलाच्या लग्नातही तेच झालं. सासरी निघताना ती भावाच्या गळ्यात पडून म्हणाली, “भाऊ, एक लुगडं मले तुया हातचं दे.” हा म्हणाला, येत्या दिवाळीला. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. दर भाऊबीजेला तो काहीतरी दुकानातलं घेऊन जायचा, ती हसून घ्यायची आणि विचारायची, चढवलं का रे मागावर?

शेवटी चढवलं त्याने. मागच्या खोलीत बापाचा जुना माग होता, त्यावर हिरवा ताणा, म्हणजे उभं सूत, आणि लाल काठ. अर्धं लुगडं विणून झालं आणि माल मागणारे दारात उभे राहिले. माझीही मागणी होती त्यात. मग मागावर जुनं धोतर टाकलं आणि खोलीला कडी घातली ती घातलीच. त्या वर्षी तर तो भाऊबीजेलाही गेला नाही. म्हणाला, तुळशीच्या लग्नानंतर निवांत जाईन.

तर त्या शुक्रवारी दुपारी फोन आला. हिवरटोल्यातला कोणी पोरगा त्या खडकावरून बोलत होता. चंद्रकलाबाईची तब्येत बरी नाही, भाऊले म्हणा येऊन जा. एवढं बोलला आणि फोन कटला.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. मेल्याची खबर कोणी फोनवर देत नाही. तब्येत बरी नाही, येऊन जा, एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याने ओळखायचं. आणि बाई गेली असली, तर तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भावाने आणलेलं, कोरं. त्याशिवाय तिला उचलत नाहीत.

केवळरामच्या बायकोने, मंदाबाईने, ओळखलं. पेटीतलं नवं लुगडं काढून तिने गुपचूप त्याच्या थैलीत ठेवलं. केवळरामने ते बाहेर काढलं आणि बाजेवर फेकलं. म्हणाला, “जित्या माणसाले असं लुगडं नेतात काय?”

लोक म्हणतात तो रागावला. मी म्हणतो, तो भ्याला. लुगडं उचललं असतं तर बहीण मेली, हे त्याने आपल्या हाताने कबूल केलं असतं. म्हणून त्याने काय घेतलं? करंज्या, चिवडा आणि सीताफळं. भाऊबीजेचा फराळ घेऊन निघाला, वेडा. जिवंत बहिणीकडे जातात तसा.

पायथ्याशी पोचेपर्यंत दिवस बुडाला होता. तिथल्या चहाच्या टपरीवाल्याकडे त्याने गाडी लावली. टपरीवाला म्हणाला, आता वर कायले जाता, अस्वल फिरून राहिलं, पहाटे जा. हा थांबला नाही. खांद्यावर दुपट्टा, हातात टॉर्च, दुसऱ्या हातात थैली. चवथीची कोर डोंगराआड गेली. दिवेलागण होऊन फार तर तासभर झाला असेल, पण जंगलात तेवढ्यात पुरता अंधार होतो.

अर्ध्या चढावर एक नाला आडवा येतो. पलीकडे एक सपाट दगड आहे. वर जाणारे तिथं डोक्यावरचं ओझं उतरवतात आणि दम घेतात. केवळराम नाला ओलांडून आला, तर दगडावर कोणी बाई बसली होती.

“भाऊ?”

त्याने टॉर्च तिच्याकडे केला. तिने तोंडासमोर हात धरला.

“डोळ्यावर नको मारू.”

आवाज ओळखला त्याने. टॉर्च खाली घेतला, तर तिचे पाय दिसले. सरळच होते, पोरांनो. ओले होते, एवढंच.

त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने हसला. जंगलात, एकटा. म्हणाला, “उलटी कांडी! तू इथं? तब्येत बरी नाही म्हणे तुयी.”

“आता बरं आहे.”

तिला असं एकटीला यायला नको होतं, यावरून तो थोडा रागावलाही. मग चालू लागला. वाट अरुंद, म्हणून तो पुढे आणि ती मागे. दुपारपासून छातीवर दगड होता, तो उतरला होता, म्हणून तोंड थांबेना. मंदाने करंज्या कशा केल्या, कोणाच्या घरी कोण आजारी, सगळं सांगत सुटला. ती मधूनच हूं म्हणायची. मग तिने विचारलं, “मायासाठी काय आणलं?”

त्याने सांगितलं. करंज्या, चिवडा, सीताफळं.

थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, “आन लुगडं?”

केवळरामला लाज वाटली. लाज वाटली की माणूस थट्टा करतो. म्हणाला, “आहे ना मागावर. अर्धं झालं. कांड्या भरून देणारी तू इथं डोंगरात येऊन बसली, आता मायं काम कसं सरंल? तू कांड्या भरून दे, मी लगेच उतरवतो.”

“खरंच?”

“खरंच, बाई.”

वाट सागाच्या झाडीत शिरली. खाली वाळकी पानं. चढ उभा होता.

“हीव लागून राहिलं, भाऊ.”

त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मागे न बघता हात मागे केला. हात तसाच राहिला. कोणी घेतला नाही.

“घे ना.”

“राहू दे. तुले लागंल.”

त्याने दुपट्टा परत खांद्यावर टाकला. चालू लागला. पानं वाजत होती... चर्र, चर्र. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पानं फक्त त्याच्याच पायांखाली वाजत होती.

तो थांबला. सगळं थांबलं.

पुन्हा चार पावलं टाकली. चर्र. चर्र. मागे काहीच नाही.

त्याने मागे पाहिलं नाही. तसाच उभा राहून बोलला. “बाई... तू घरी सांगून आली ना?”

त्याने परत हाक मारली.

“बाई?”

“तू हो समोर, भाऊ.” आवाज अगदी जवळून आला. “घरी वाट पाहून राहिले.”

मग त्याने वळून पाहिलं. टॉर्च मारला. वाट होती. पानं होती. झाडं होती...

तो पळाला नाही. त्याने मला सांगितलं, खेमराजभाऊ, मले भेव नाही वाटलं. भेव वाटलं असतं तर बरं होतं. तो तिथं उभा राहून तिला हाका मारत राहिला. मग गेला वर.

टोल्यात चंद्रकलाच्या अंगणात माणसं विस्तवाभोवती बसली होती. घरावर धूर नव्हता, चूल पेटलेली नव्हती. तिचा नवरा डोमा उठून आला. तो केवळरामच्या तोंडाकडे पाहीना, थैलीकडे पाहत होता. म्हणाला, “लुगडं आणलं ना, भाऊ?”

केवळरामच्या हातातली थैली खाली पडली. सीताफळं अंगणभर घरंगळली.

डोमाने मग सांगितलं. आठवडाभर ताप होता, गोळ्यांनी उतरेना. गुरुवारी रात्री ती बरळायला लागली, तेव्हा चौघांनी बाजेवर घालून तिला खाली न्यायला घेतलं. नाल्याजवळ खांदे बदलायला बाज त्या सपाट दगडावर टेकवली. तिने पाणी मागितलं. डोमाने नाल्यातून ओंजळ भरून आणली, तर अंधारात ठेच लागून ती तिच्या पायांवरच सांडली. दुसरी ओंजळ घेऊन आला तोवर ती गेली होती.

तेव्हापासून तिला घरात ठेवली होती. भाऊ येईल, माहेरचं लुगडं येईल म्हणून.

केवळराम म्हणाला, मी आत्ता खाली जातो, आंधळगावहून घेऊन येतो. लोकांनी धरून बसवलं. एक दिवस उलटून गेला होता, दुसरी रात्र चालू होती. सकाळी न्यावंच लागणार होतं. तिची सासू चंद्रभागाबाई रात्रभर दारात बसून राहिली. उन्हं बांध्यांवर आली तेव्हा म्हणाली, “आता नाही थांबता येत, बापा. तुयाजवळ काय असंल थे दे.”

त्याने खांद्यावरचा दुपट्टा दिला. त्याच्याच मागावरचा होता. बायांनी तो तिच्या अंगावर टाकला. छातीपासून गुडघ्यापर्यंत पुरला. पाय उघडेच राहिले.

रेणू, डोळे पूस. मलाही इथं थांबावं लागतं. माझ्या घाईचं कापड तो विणत होता, हे मी विसरत नाही.

तिसरा दिवस करून केवळराम घरी आला. सरळ मागच्या खोलीची कडी काढली आणि मागावरचं धोतर बाजूला केलं. मंदाबाई दारात उभी राहिली. म्हणाली, “एक विचारू काय? शुक्रवारी रात्री तुमी परत आलते?”

तो म्हणाला, नाही.

“चरखा फिरून राहिला होता. या खोलीत. मले वाटलं तुमीच. उठून पाहिलं त दाराले बाहेरून कडी...”

मागाजवळ टोपली होती. तो गेला तेव्हा तिच्यात रिकाम्या नळ्या होत्या आणि हिरव्या सुताची लडी वर खुंटीला होती. आता खुंटी रिकामी होती आणि टोपलीतल्या सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या.

केवळराम मागावर बसला तो लुगडं होईपर्यंत उठला नाही. मंदाबाई तिथंच ताट आणून ठेवायची. दहाव्याला ते लुगडं घेऊन तो डोंगरावर गेला. नाल्याजवळच्या त्या दगडावर अंथरलं, दोन्ही काठ सारखे केले आणि त्याच्याशेजारी बसून राहिला.

तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं, भूषण. कांड्या मंदाबाईने भरल्या असतील. नवऱ्याचं दुःख हलकं करायला बाई एवढं करू शकते. मलाही तेच वाटलं, आणि मी ते त्याला इथंच बोलून दाखवलं.

तो रागावला नाही. लुगडं पुरं होऊन एक कांडी उरली होती, ती तो खिशात घालून आला होता. त्याने ती माझ्या हातात ठेवली. मी दिव्याजवळ नेली. आयुष्यभर कापडात गेलेला माणूस आहे मी, सूत कुठून कुठे जातं ते मला कळतं. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

आज ती त्याच्या देव्हाऱ्यात आहे. सूत उलट्या बाजूने चढलेलं आहे.