बावीस कपड्यांवरचं नाव

बाविसाव्या कपड्याला, एका सदऱ्याच्या कॉलरमागे, नावाची पट्टी शिवता शिवता सुई थेट ताईच्या अंगठ्यात घुसली... पण तिच्या तोंडून साधं ‘हाय’सुद्धा निघालं नाही! उभा जन्म शिवणाच्या मशीनपाशी काढलेल्या बाईला सुईचं काय कौतुक? जखम होती ती निराळीच. ज्या हातांनी तीस वर्षं भावाला न्हाऊमाखू घातलं, घास भरवले, त्याच हातांनी आज ती त्याचं नाव कपड्याकपड्यावर शिवत होती... परक्यांच्या कपाटात त्याचे सदरे हरवू नयेत म्हणून!

आणि तो भाऊ, छत्तीस वर्षांचा, वजनाला तिच्या दुप्पट, सगळ्या घराचा सोन्या, तिच्या पायाशी बसून रिकामं रीळ गरगर फिरवत होता. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याने आपणहून बूट घातले होते. उलटे का होईना, पण घातले होते.

“ताई, भूर?”

“हो रे राजा, भूर...” म्हणता म्हणता तिने दोरा दातांनी तोडण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

सोन्या जन्मला तो उशिरा रडला, उशिरा बसला, उशिरा चालला. बोलणं दहा-बारा शब्दांवरच थांबलं. तो सहा वर्षांचा असताना आई गेली. जाताना तिने थोरलीचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, “याला अंतर देऊ नकोस गं.” ताई तेव्हा चोवीस वर्षांची. ठरत आलेलं लग्न तिने स्वतःच्या तोंडाने मोडलं, समोरच्या खोलीत मशीन मांडलं आणि भावाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. कुणी विचारलं तर म्हणायची, “माझं काय, मी मजेत आहे.” आणि लोकांनाही ते ऐकायला बरं वाटायचं, कारण मग कुणाला काही करावं लागत नव्हतं.

त्या दोघांच्या मधली एक बहीण होती, तिला सगळे मधलीच म्हणत. लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. अकरा वर्षांपूर्वी ती एका संध्याकाळी घडी घातलेला एक कागद घेऊन आली आणि भीत भीत म्हणाली, “ताई, एक संस्था आहे... एकदा नुसतं बघून तर येऊ.” बस्स! ताईने त्या कागदाचे तुकडे तुकडे केले. “कचरा आहे का गं तो, बाहेर नेऊन टाकायला? तुझं घर मांडून झालं, आता आमचं मोडायला आलीस? पुन्हा या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नकोस!” चप्पल पायात अडकवून मधली खाली मान घालून निघून गेली... आणि त्यानंतर तिचे फोन वाजत राहिले आणि ताई ते वाजू देत राहिली.

आणि आता? आता दोन महिन्यांपूर्वी सोन्याला न्हाणीघरातून उठवताना ताईच्या खांद्यात काहीतरी कटकन तुटलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला. “ऑपरेशन. मग तीन महिने तांब्यासुद्धा उचलायचा नाही.” तिला हसूच आलं. “आणि माझ्या भावाला कोण उचलणार?” डॉक्टरांनी एका कागदावर तीन संस्थांचे नंबर लिहून तो तिच्यापुढे सरकवला. तो कागद तिला फाडता आला नाही.

पहिला नंबर कुणी उचललाच नाही. दुसरीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “आम्ही फक्त अठरा वर्षांच्या आतली मुलं घेतो.” ताईने रिसीव्हर ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटली, “म्हणजे अठरा झाली की बरी होतात वाटतं!” तिसरीकडे एक भारदस्त आवाजाच्या बाई होत्या. ताईचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “गुरुवारी दहाला या. येताना त्याचं रोजचं लागणारं सामान बरोबर घ्या.”

रोजचं लागणारं सामान! म्हणजे ठेवूनच घेणार... ताईने उलट विचारलं नाही. विचारायचं धैर्यच नव्हतं. आणि म्हणून बावीस कपडे, दोन पांघरुणं, त्याची उशी, त्याचं ताट आणि तीन रिकामी रिळं अशा दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन, आईची मनोमन क्षमा मागत, ती गुरुवारी त्या पायऱ्या चढली.

भारदस्त आवाजाच्या बाई प्रत्यक्षात हातभर उंचीच्या निघाल्या. त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. “हे काय, मुक्कामाला आलात की काय?”

“तुम्हीच तर म्हणालात... रोजचं सामान...”

“अहो, त्याच्या गोळ्या आणि पाणी प्यायचा पेला! बिछाना कशाला? आम्ही कुणाला ठेवून घेत नाही. सकाळी दहाला यायचं, पाचला आपल्या घरी. तुमचं ऑपरेशन झालं की त्याला उचलायला, आंघोळ घालायला आमचा माणूस घरी येईल. झोपायला तुमचा भाऊ तुमच्याच घरात, तुमच्याच डोळ्यांपुढे!”

ताई मटकन खुर्चीत बसली. पंधरा दिवस अंतःकरणात साठलेला सगळा आक्रोश एकाएकी कुठे ठेवावा हेच तिला कळेना... रडायची एवढी तयारी करून आलेली बाई, आणि समोरची तिला पाणी देऊन विचारत होती की सरबत घ्याल का!

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, सोन्या शेजारी नव्हता. ती धडपडत उठली. पलीकडच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलाभोवती पंधरा-वीस मोठी माणसं खडूंचे डबे भरत होती आणि त्यांच्यामध्ये सोन्या बसला होता. त्याच्यापुढे लाकडी फळी होती, फळीला दहा खाचा. एकेक खडू उचलून तो एकेका खाचेत निजवत होता, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.

“त्याला आकडे येत नाहीत हो,” ताई घाईघाईने म्हणाली.

“आकडे कशाला हवेत? सगळ्या खाचा भरल्या की डबा भरला.”

डबा भरला. सोन्याने तो डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला, शेजारच्या टक्कल पडलेल्या गृहस्थाने टाळी वाजवली, आणि सोन्याने ताईकडे ढुंकूनही न बघता दुसरा डबा ओढला. आनंदाने तिचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी मत्सराची एक बारीक कळही उठली... माझ्यावाचून याचं अडत नाही? मेल्या, तीस वर्षं एकदा तरी सांगायचंस!

डोळे टिपायला ती भिंतीकडे वळली आणि जागच्या जागी थिजली. भिंतीवर एक मोठा फोटो होता. दहा-बारा माणसं दाटीवाटीने उभी, आणि मधोमध... मधली! केस पांढरे झालेली, पण मधलीच!

“ह्या... ह्या कोण?”

“त्या होय? अशा माणसांच्या भावंडांचा आमचा एक गट आहे, त्यातल्या. गट सुरूच त्यांनी केला, झाली दहा-अकरा वर्षं. दर महिन्याला येतात.” बाई सहज बोलत होत्या, कुणापुढे बोलतोय याची त्यांना कल्पनाच नव्हती. “भाऊ असाच आहे त्यांचा, पण त्याला कधी आणू शकल्या नाहीत. काहीतरी घरगुती आहे. पण सगळ्यांना नेहमी सांगतात, भावाची मला चिंता नाही, तो फार भक्कम हातांत आहे. मला घोर लागतो तो त्या हातांचा.”

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा अन्याय केला मी! जिला परकं मानलं, हाकलून दिलं, ती इतकी वर्षं इथे येऊन माझ्याच हातांचा घोर करत बसली होती...

“ती माझी बहीण आहे हो,” ती हुंदक्यांतून कशीबशी म्हणाली. “बोलवा तिला. मी बोलावलं तर येणार नाही ती. तुम्ही बोलवा.”

बाईंनी फोन लावला आणि तो ताईच्याच हातात दिला. ताईला ‘मी आहे’ एवढंच म्हणता आलं. पलीकडून मधलीचा आवाज आला, “कुठे आहेस?”

अर्ध्या तासात मधली धापा टाकत दारात उभी राहिली, अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. बोलायला ताईकडे खूप होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. “किती वाळलीस गं!”

“आणि तू काय मोठी गुटगुटीत आहेस?” म्हणत मधली तिच्या गळ्यात पडली, आणि ताईचा दुखरा खांदा चांगलाच कळवळला, पण तिने तिला सोडलं नाही.

“मला वाटलं, तुला तो नको झालाय...”

“मला तू हवी होतीस, ताई. तो तर तुझ्याजवळ होता. तुझ्याजवळ कोण होतं?”

तेवढ्यात सोन्याने मान वर करून मधलीला क्षणभर न्याहाळलं, एक खडू तिच्या हातात दिला आणि रिकामी खाच बोटाने दाखवली. मधलीने डोळे पुसत खडू तिथे ठेवला.

मग तिघी अर्ज भरायला बसल्या. बाई विचारत होत्या, ताई सांगत होती. औषधं, सवयी, भीती कशाची वाटते... सोन्याबद्दलचं सगळं तिला तोंडपाठ. शेवटी एक रकाना उरला. “काळजी घेणाऱ्या व्यक्तीला काय हवं आहे?”

“त्याला नवीन बूट...”

“त्याला नाही. तुम्हाला.”

“मला? मला काय हवंय? काही नाही. रेघ मारा.”

बाईंनी रेघ मारली नाही. पेन तसंच धरून त्या थांबल्या. मधलीने ताईचा टोचलेला अंगठा आपल्या मुठीत घेतला. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं. ताईने एकदा सोन्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, “मला... दुपारचं झोपायचंय. दार आतून लावून.”

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता विचारलं, “किती वाजेपर्यंत?”

“चालेल तर... तीनपर्यंत.”

“पाच लिहा,” मधली म्हणाली.