दातांच्या दवाखान्यातलं इंजिन

"या, बसा. तोंड उघडा."

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं आणि मांडीवरचा बुटांचा खोका पुढे केला. "याला झालंय."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. नौपाड्यापासून मानपाड्यापर्यंत धक्के खात मी आले होते, ती कुणा चष्मेवाल्या काकांना भेटायला. हे काका नव्हते. हे तिशीतले होते, गालाला खळी होती, आणि दातही अगदी सरळ. हा सरळसरळ अन्याय होता.

"अरे वा," खोक्यात डोकावत ते म्हणाले. "पेशंट जर्मन दिसतोय!"

पेशंट म्हणजे बाबांचं इंजिन. तळहाताएवढं, काळंकुळकुळीत, लाल चाकांचं, रुळांवर खरंखुरं धावणारं. कंपनीने बाबांना आयुष्यात एकदा परदेशी पाठवलं, तेव्हा आईचा परफ्यूम विसरून त्यांनी हे आणलं. तेव्हापासून आई त्याला सवत म्हणते. पण यंदा दसऱ्याला बाबा नाशिकला आत्याकडे होते. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा झाली आणि आईला एकदम पाझर फुटला. "इतकी वर्षं घरात आहे, बिचारीला कधी हळदकुंकू नाही," म्हणत तिने सवतीलाही पाटावर बसवलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. शिवाय यंत्राला तेल हवंच म्हणून वर खोबरेल. सवत जागच्या जागी गार.

"पहिल्यांदाच मायेने हात लावला गं तिला..." आईचे डोळे भरून आले. मग काय, बाबा यायच्या आत इंजिन चालू करायचा विडा मी उचलला. नौपाड्यातल्या घड्याळवाल्याने भिंगातून बघून हात जोडले. वागळे इस्टेटमधल्या मोटर वाइंडिंगवाल्याला एवढीशी मोटर बघून हसूच आवरेना. शेवटी छोट्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'मानपाड्यात डॉ. दिपेश. दातांचे डॉक्टर आहेत, पण परदेशात शिकताना तिथल्या कारागिराकडे इंजिनदुरुस्ती रीतसर शिकून आलेत.'

तर ते हे.

त्यांनी इंजिन खुर्चीवर ठेवलं, वरचा दिवा लावला.

"कधीपासून बंद आहे?"

"अचानकच झालं."

"काही वेडंवाकडं खाल्लं होतं?"

"छे!"

त्यांनी दात तपासायच्या बारीक आकडीने चाकामागून काहीतरी लाल खरवडून काढलं. मग पांढरं. "हा तांदूळ ना?"

"...अक्षता," मी पुटपुटले.

ते इतके हसले, की बाहेर गाल धरून बसलेले आजोबाही डोकावून गेले. "पेशंट नेहमीच खोटं बोलतात. रोज दोनदा ब्रश करतो म्हणतात." मग ते एकदम गंभीर झाले. "मालक कोण? मालकाच्या परवानगीशिवाय मी स्क्रू फिरवत नाही. मागे एका बाईंनी नवऱ्याचं इंजिन गुपचूप आणलेलं. नवरा येऊन असा ओरडला, की माझे दोन पेशंट दाढ न काढताच पळाले."

"मालक मीच," मी म्हटलं. डोळ्याला डोळा भिडवून.

त्यानंतर मी रोजच जायला लागले. दुपारी पेशंट नसत, तेव्हा ते इंजिन उघडत, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून टॉर्च धरत असे. टॉर्चची गरज नव्हती. डोक्यावर दिवा होता की! पण त्यांनी धरायला सांगितला आणि मी धरला.

"हात हलतोय तुमचा, मॅडम."

"तुम्ही बघू नका ना माझ्या हाताकडे. इंजिनाकडे बघा."

"इंजिन कुठे पळून जातंय?... तुम्ही मात्र पाचच्या आत जाता."

मला हा माणूस आवडला होता. पार, पुरता आवडला होता. एवढ्याशा मोटरचा स्क्रू बसवताना तो श्वास रोखायचा, तेव्हा माझाही श्वास अडकायचा. आणि अशा माणसाला मी पहिल्याच भेटीत थाप मारून बसले होते.

इंजिन सुरू झालं, घरी आलं, बाबाही आले. त्यांनी ते रुळांवर ठेवलं, एक फेरी मारली आणि कान टवकारले. "हिचा आवाज बदललाय. इतकी छान कधी चालली नव्हती. कुणी उघडली?"

मी काही रचायच्या आत आईच म्हणाली, "मी पूजा केली हो तिची. बिघडली."

"तू?... हिची?" बाबा चिडतील म्हणून मी डोळे मिटले. उघडले, तर ते चक्क लाजले होते. मग आईने चहा टाकला, आणि बाबांनी कपाटातून आजवर लपवून ठेवलेली आणखी पाच आजारी इंजिनं काढली. "प्राप्ती, मला आत्ताच्या आत्ता त्या डॉक्टरकडे ने."

झालं!

दवाखान्यात बाबांना बाहेर बसवून मी आत धावले. "माझी दाढ दुखतेय," असं जरा मोठ्यानेच म्हणत खुर्चीवर आडवी झाले. आधी खरं सांगून टाकायचं, मग जे होईल ते होईल. ते बाहेरून हात धुऊन आले, पण मी तोंड उघडताच त्यांनी गालात कापूस कोंबला आणि आरसा आत घातला.

"दुखलं तर डावा हात वर करायचा. बोलायचं नाही."

"आं... आं..."

"बाहेर एक गृहस्थ बसलेत. मघाशी मी हात धूत होतो, तेव्हा त्यांनी माझे आभार मानले. म्हणाले, मी मालक, पूजा आमच्या हिने केली."

मेले मी. डोळ्यांनी जमेल तेवढी माफी मागितली.

"राग आला होता," ते म्हणाले. "मग कळलं, आईसाठी खोटं बोललात. तर आता माझंही ऐका. त्यांची पाच इंजिनं आलीत, म्हणजे दर रविवारी ते येणार, खोका घेऊन. तुम्हाला यायचं कारणच उरत नाही. आणि मला तर..." ते थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला तू यायला हवी आहेस, प्राप्ती. कारण नसताना. मला तू खूप आवडतेस. तुला नको असेल तर हात वर कर. मी पुन्हा विषय काढणार नाही."

आणि बोलण्याच्या नादात त्यांची आकडी नेमकी माझ्या एका दाढेत रुतली. ती खरोखरच किडलेली निघाली. कळ थेट मेंदूत गेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली.