सुरू न झालेलं चॅनेल

"सही करणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर!" हॉस्पिटलच्या सर्व्हर ऑपरेटरने वहिनींच्या टेबलावर माफीनामा आपटला. "काल संध्याकाळी सातला मी कमांड देऊन चॅनेल सुरू केलं, आठला घरी गेले. साहेब म्हणतात, मी विसरले. आज पाचपर्यंत कबुली द्या, नाहीतर घरी बसा!"

त्या चॅनेलवरून रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात जात. काल रिपोर्ट आठनंतरच तयार झाले; दहापर्यंत त्यांतला एकही गेला नाही आणि एका आजोबांचं ऑपरेशन लटकलं.

"चॅनेल सुरूच केलं नाही, तर स्क्रीनवर काय दिसतं?" वहिनींनी विचारलं. खासगी तपासात त्यांचा दबदबा होता.

"काहीच नाही. त्याची ओळच नसते. सुरू केलं की 'सुरू' अशी ओळ येते. सुरू असलेलं चॅनेल कमांड देऊन थांबवलं, तरच तिथे 'थांबवले' येतं."

वहिनींचे दीर भराभर वहीत लिहीत होते. लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. समजण्याच्या नावाने आनंदच होता.

ऑपरेटर दोघांना सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेली. तिथे साहेब गुरगुरले, "कमांड फक्त या कीबोर्डवरून देता येते. आठला ही ऑपरेटर गेल्याबरोबर मी स्क्रीन पाहिली. कोरी! नंतर दहापर्यंत इथून हललो नाही. कुणाला कीबोर्डला हात लावू दिला नाही."

"मग तुम्हीच का नाही सुरू केलंत?"

"ते माझं काम नाही."

तंत्रज्ञ चाचरत म्हणाला, "मी दहाला आलो. चॅनेलपुढे 'थांबवले' दिसलं. सुरू करायची कमांड दिली, रिपोर्ट धडाधड निघाले."

"म्हणजे ऑपरेटरच विसरली!" दीर म्हणाले.

"भावजी, वही उघडा. सुरूच न केलेल्या चॅनेलची ओळ नसते. दहाला ती होती. मग चॅनेल सुरू झालं होतं आणि कुणीतरी थांबवलं होतं."

"जाताना तिनेच थांबवलं असेल!" साहेब ओरडले.

"मग ती गेल्यावर तुम्हाला ओळ दिसली असती. तुम्ही म्हणता, स्क्रीन कोरी होती. कोरी असेल, तर सुरू करून थांबवणारे तुम्हीच, कारण दुसऱ्या कुणाचा हात कीबोर्डला लागला नाही. कोरी नसेल, तर तिने चॅनेल सुरू केलं होतं आणि तुम्ही खोटं बोललात. का?"

साहेब मटकन बसले. "सेटिंग बदलायला थांबवलं होतं. पुन्हा सुरू करायचं राहून गेलं."

ऑपरेटर संतापून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "राहून गेलं, एवढंच काल बोलला असतात, तर मीच तुमची बाजू घेतली असती. आता उठा. आजोबांची मुलगी वॉर्डात बसलीय. तिला हे तुमच्या तोंडून ऐकू दे."