चटईखालची दोघं

त्या दिवशी सगळं नेहमीसारखंच होतं. ब्रिस्बेनच्या विद्यापीठात जॅकरँडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता, परीक्षा डोक्यावर आल्या होत्या, आणि हिरवळीवर बसलेल्या मासिनाच्या हातातलं सँडविच एका लांब चोचीच्या आयबिस पक्ष्यानं हिसकावून नेलं.

"आरोपी पसार!" शेजारून कुणीतरी हसलं. "साक्षीदार मी. घे, माझ्यातलं अर्धं खा."

तो रोरी. तिच्याच गुन्हेशास्त्राच्या वर्गातला. मागच्या बाकावरून तिच्याकडे बघायचा... आणि तिनं वळून पाहिलं की छताकडे.

"तुमच्या सामोआ बेटांवर काय करतात गं अशा आरोपीचं?"

तिनं त्याला इफोंगा सांगितला. मोठा गुन्हा घडला की अपराध्याचं अख्खं घराणं पहाटे येतं, डोक्यावरून उंची चटया पांघरून समोरच्यांच्या दाराशी बसतं. आतल्यांनी चटई उचलली, तर माफी.

"म्हणजे चटईत लपला की सुटला? स्वस्तात काम!"

मासिनानं त्यानं दिलेलं अर्धं सँडविच खाली ठेवलं. "माझ्या बाबांनी त्यांच्या सख्ख्या भावाच्या खुन्यावरची चटई स्वतःच्या हातानं उचलली होती, रोरी." आणि ती चालू लागली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते कोंबड्यांचं काहीबाही सांगत होते; ती मनातल्या मनात रोरीशी भांडत होती. "उद्या बोलू, बाबा," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो भावाचा. बाबा झोपेतच गेले होते.

ती घरी गेली, आणि महिन्यानं ब्रिस्बेनला परतली ती सामान बांधायला. आई शिक म्हणत होती. पण ज्या शहरात तो फोन घाईनं ठेवला, तिथं तिला राहवेना.

सकाळी वसतिगृहाच्या दाराशी पोरापोरींचा घोळका जमलेला. पायरीखाली, सहलीला नेतात ती चौकड्यांची चटई पांघरून कुणीतरी बसलेलं.

"रोरी?"

"गप्प बसायचं असतं ना? मी वाचून आलोय," चटई बोलली.

"अरे वेड्या, खुनासाठी असतं ते! चेष्टेसाठी नाही. आणि एकटं कुणी येतं का? घरचे लागतात."

"एकटा कुठाय?" आतून बाईचा आवाज आला. "मी डेब, याची आई. टूवुम्बाहून अंधारात निघालोय. माफ कर नाहीतर हाकल, पोरी, पण लवकर काय ते कर... माझे गुडघे बोंबलायला लागलेत."

घोळका खदखदून हसला. मासिनाही हसली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि हसताहसताच तिचे डोळे वाहू लागले. तिनं चटई उचलली. रोरीचा चेहरा उकाड्यानं लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

"आता तुम्हाला आत नेऊन खाऊ घालावं लागेल," ती डोळे पुसत म्हणाली. "रीतच आहे तशी."

"चहा पुरे," म्हणत डेब कठड्याला धरून उठली आणि मागं न बघता आत गेली.

"बाबांचं कळलं," रोरी हळूच म्हणाला. "सामान बांधतेयस, तेही. थांब म्हणायला नाही आलो. फक्त... त्या दिवशी मूर्खासारखं बोललो मी."

"शेवटच्या फोनवर मी त्यांचं ऐकतच नव्हते." हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. "तुझा विचार करत होते. राग होता... पण नुसता राग नव्हता."

"मग?"

या वेळी त्यानं छताकडे पाहिलं नाही.

"आवडतोस मला," मासिना म्हणाली. "आणि मी कुठंही जात नाहीये."